आज्ञार्थ

"वेवे नी अस्कारी?" म्हातारीने विचारलं. तू काय पोलीस आहेस?

तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. मी समोर बुटक्या स्टुलावर बसून तिच्याकडून व्यायाम करून घेत होते. इनुआ म्गू, पाय उचल. कुंजा गोटी, गुडघा वाकव. शिका, धरून ठेव. तेना, पुन्हा. नैरोबीला परतून मला तीन आठवडे झाले होते आणि आपली स्वाहिली अजून शाबूत आहे याचं मला फार कौतुक वाटत होतं. बावीस वर्षं जिभेला न लागलेले शब्द भराभर बाहेर पडत होते. आणि ही सत्तरीची बाई भुवया वर करून माझ्याकडे बघत होती. पडद्यापलीकडे माझा तरुण सहकारी खोकल्याचं निमित्त करून हसत होता.

मी मुळात उर्मट बाई नाही हो. इंग्लंडातल्या लेस्टरमध्ये एवढी वर्षं मी हेच काम केलं. तिथे पेशंटला 'पाय उचला' असं कोणी म्हणत नाही. 'तुमचा पाय माझ्यासाठी जरासा वर घेता आला तर' अशी साखर पेरावी लागते, आणि मला ती छान पेरता यायची. हीच म्हातारी रत्नागिरीची असती तर मी म्हणाले असते, "आजी, पाय जरा वर घ्या बघू. हां, अस्सं." म्हणजे उर्मटपणा माझ्या स्वाहिलीतच होता. त्या संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मला येत असलेली सगळी क्रियापदं मी आठवून पाहिली. आण. ठेव. उचल. झाड. धू. उघड. लाव. थांब. जा. यादी लांबत गेली, पण सूर तोच राहिला. लहानपणी आजीने भारतातून आणलेल्या व्याकरणाच्या पुस्तकावरून क्रियापदाचे अर्थ पाठ करून घेतले होते. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. माझ्या स्वाहिलीला त्यातला एकच अर्थ ठाऊक होता.

आम्ही नैरोबीचे, म्हणजे आजोबांपासून. १९४९ साली ते रत्नागिरीहून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने मोंबासाला आले, रेल्वेच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून. आजी आणि आठ वर्षांचे बाबा बरोबर. त्या मार्गावरच्या एका बोटीचं नाव होतं 'करंजा'. इथे आल्यावर कळलं की किकुयू लोकांतही करंजा हे पुरुषाचं नाव आहे आणि ते घरोघरी असतं. आजीला त्याचं हसू शेवटपर्यंत आवरलं नाही, विशेषतः दिवाळीत करंज्या तळताना. सरकारी क्वार्टर्स ज्या भागात मिळाल्या त्याचं नाव स्थानिक लोक नाकातून काढतात. आजीने ते सरळ 'नगारा' करून टाकलं, आणि आमच्यासाठी तो कायमचा नगारा झाला.

केनियातल्या कुठल्याही आशियाई माणसाला त्याची गोष्ट विचारा, तो रेल्वेपासून सुरू करील. १८९६ मध्ये मोंबासाहून निघालेली, १८९९ मध्ये नैरोबीच्या दलदलीत पोचलेली, १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला टेकलेली ती रेल्वे. तिच्यासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, ३० हजारांवर मजूर आणले, त्यातले सुमारे २,५०० मेले. मग त्सावोचे नरभक्षक सिंह येतात, ते तर यायलाच हवेत. आमच्या घरातही पाहुण्यांना हीच गोष्ट सांगत, जणू आमचे पणजोबा घण घेऊन तिथे उभे होते. खरं म्हणजे आम्ही टाकून झालेल्या रुळांवरून तिकीट काढून आलो आणि खुर्चीवर बसलो.

ती खुर्ची मधली होती. वसाहतीच्या नोकरीत पगाराच्या श्रेणी वर्णाप्रमाणे असत. वर गोरे, मध्ये आशियाई, खाली आफ्रिकन. मधल्या पायरीवरच्या माणसाला दोन भाषा लागतात, एक वर बघून बोलायची आणि एक खाली बघून बोलायची. वरची भाषा आजोबा शब्दकोश उशाशी घेऊन शिकले, त्यांचं इंग्रजी पत्र म्हणजे मोत्यांची माळ असे. खालची भाषा शिकायला त्यांना पुस्तक लागलं नाही. पन्नाससाठ शब्दांत घर, कचेरी, बाजार सगळं भागलं, आणि तेच पन्नाससाठ शब्द बाबांकडे आणि पुढे माझ्याकडे आले.

सगळे असे नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. मखन सिंग नावाच्या कामगार पुढाऱ्याने १९५०च्या एप्रिलमध्ये नैरोबीच्या कालोलेनी सभागृहात पूर्व आफ्रिकेला ताबडतोब स्वातंत्र्य द्या अशी जाहीर मागणी केली, आणि त्यापायी अकरा वर्षं बंदिवासात काढली. पियो गामा पिंटो मूळ गोव्याचा, जन्माने नैरोबीचा. गोव्यातल्या पोर्तुगीजांविरुद्धही तो लढला आणि केनियातल्या इंग्रजांविरुद्धही, आणि स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ला स्वतःच्या घराच्या फाटकाशी गोळ्या घालून मारला गेला. आजोबा या दोघांबद्दल आदराने बोलत. मात्र त्या आदरात 'आपण बाबा कारकून माणसं' असंही एक वाक्य दडलेलं असायचं.

१२ डिसेंबर १९६३ला देश स्वतंत्र झाला. नागरिकत्व घ्यायला दोन वर्षांची मुदत होती. बहुतेक आशियाई ब्रिटिश पासपोर्ट धरून बसले, आजोबांनी केनियाचा घेतला. त्यांचं तत्त्वज्ञान साधं होतं, जिथे पेन्शन तिथे पासपोर्ट. १९६८मध्ये ब्रिटनने दार लोटायच्या आत पोचायला विमानंच्या विमानं भरून लोक गेले, तेव्हा आमच्या ओळीतली कितीतरी बिऱ्हाडं उठली. बाबा सांगतात, लोकांनी मागे ठेवलेली पितळी भांडी बाजारात किलोवर विकली जात होती. आम्ही राहिलो. पार्कलँड्समध्ये घर घेतलं. तिथे मी जन्मले, १९७६ साली.

आणि तिथेच आया होती. मी जन्मायच्या आदल्या वर्षी ती कामाला लागली आणि १९९० पर्यंत राहिली. तिला एक बायबलमधलं नाव होतं, ते आईबाबा वापरत. आम्ही मुलं आया म्हणायचो. ती कांबा जमातीची होती, मचाकोसच्या बाजूची, सुट्टीवरून येताना कधी कधी आईसाठी घायपाताच्या दोऱ्याची विणलेली पिशवी, कियोंडो, घेऊन यायची. आयाबद्दलची माहिती इथे संपते.

ती मराठी बोलायची. कोणी शिकवली नव्हती. मला कळायला लागलं तेव्हा ती बोलतच होती. "ताई, दूध उतू गेलं." "बाळ, उष्ट्या हाताने नको." उष्टं आणि खरकटं यातला फरक लेस्टरच्या माझ्या गुजराती मैत्रिणीला मी तीनदा समजावला, तिला अजून उमगलेला नाही. आयाला उमगला होता. आजीच्या एकादशीला ती मोगो सोलून, मधली शीर काढून, किसून ठेवायची. (मोगो म्हणजे कसावा. उपासाला चालतो की नाही यावर नैरोबीच्या मराठी बायकांत पूर्वी दोन पक्ष होते. साबुदाणा याच कंदापासून होतो हे कळल्यावर आजीने निकाल दिला आणि विषय मिटला.) किसायच्या आधी आया आजीला न शिवता दाराशी उभी राहून विचारायची, "सोवळ्यात का साधं?" हा प्रश्न मराठीत विचारणारी कांबा बाई जगात दुसरी असेल असं मला वाटत नाही.

तिचा चहा निळ्या काठाच्या इनॅमलच्या मगात असायचा. तो मग सिंकखालच्या कपाटात, फिनेलच्या बाटलीशेजारी ठेवलेला. घरच्या कपबश्यांबरोबर तो कधी धुतला गेला नाही. तो तीच वेगळा धुवायची आणि तीच परत तिथे ठेवायची. उष्टं, खरकटं, सोवळं कळणाऱ्या बाईला हेही कळलं असणारच.

तिने आमची भाषा अशी मुळापासून उचलली, आणि आम्ही तिच्याशी जे बोलायचो ती कांबा नव्हतीच, तीही मोडकी स्वाहिली. लेता चाय, चहा आण. फागिया हापा, इथे झाड. हराका, लवकर. सहा वर्षांची मी चाळिशीच्या बाईला 'लवकर' म्हणायचे आणि कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही.

मी २०००मध्ये गेले आणि सप्टेंबर २०२२मध्ये परत आले. मधलं थोडक्यात सांगते, कारण लेस्टरचं आयुष्य हे लेस्टरचं आयुष्य होतं. काम, घराचे हप्ते, मुलीच्या शाळा, बेलग्रेव्ह रोडवरची फरसाणाची दुकानं. आई २०१९मध्ये गेली. बाबा एकटे. मुलगी युनिव्हर्सिटीत गेली, नवऱ्याचं काम लॅपटॉपवरचं. एका दवाखान्यात फिजिओची जागा निघाली आणि मी अर्ज केला. लेस्टरच्या मैत्रिणींनी विचारलं, "कायमची?" मी म्हटलं, "बघू." मराठीत किती सोयीचा शब्द आहे हा.

विमानतळावर बाबा टॅक्सी घेऊन आले होते. म्लोलोंगोपासून वेस्टलँड्सपर्यंतचा २७ किलोमीटरचा नवा एक्सप्रेसवे नुकताच सुरू झाला होता, ड्रायव्हर तिकडे वळायला लागला तर बाबांनी हात आडवा केला. "खालून चल म्हणावं याला. वरून काय दिसतंय? छपरं." मग खालून, तासभर. बाभळींवर मराबू करकोचे अजून तसेच, टकले, सरकारी कारकुनासारखे पोक काढून बसलेले. रस्त्याकडेला कोळशावर कणसं भाजणाऱ्या बाया. आईने तिखटमीठ-लिंबू लावून दिलेलं कणीस आणि हे कणीस यात काडीचा फरक नाही. बाबा सबंध वाटेत ड्रायव्हरला सांगत होते. कुशोतो. म्बेले. न्गोजा. डावीकडे, पुढे, थांब. तो "सावा, म्झे" म्हणत होता, बरं, बाबा. मला त्यात काही खटकलं नाही. ते खटकायला तीन आठवडे आणि एक म्हातारी लागली.

नागरिकत्वाचंही एक होतं. २००७मध्ये मी ब्रिटिश झाले आणि तेव्हाच्या कायद्याने त्या क्षणी केनियन उरले नाही. २०१०च्या राज्यघटनेने दुहेरी नागरिकत्व मान्य केलं आणि जन्माने नागरिक असलेल्यांना गमावलेलं परत मागायची वाट ठेवली. मी मागितलं. एका कचेरीच्या खिडकीशी तीन फेऱ्या झाल्या, दर वेळी एक नवा कागद कमी पडत होता. चौथ्या वेळी खिडकीतल्या गृहस्थांनी माझं आडनाव दोनदा वाचलं आणि विचारलं, "पटेल?" मी म्हटलं, मराठी. त्यांनी विचार केला. "म्हणजे पटेलांपैकीच ना?" त्यांना दोष कसा देणार? २०१७मध्ये सरकारने केनियातल्या आशियाईंना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. २०१९च्या जनगणनेत केनियाचे नागरिक असलेले आशियाई ४७ हजारांच्या थोडे वर भरले, आणि त्या मुठीत मराठी म्हणजे चिमूटभर. इथे मराठी माणसाला आधी गुजराती यावं लागतं. आमच्या घरात भाजी, सोसायटी आणि भांडण गुजरातीतून चालायचं.

तर अर्ज. अर्जाला स्वाहिलीत 'ओंबी' म्हणतात. 'कुओंबा' म्हणजे मागणे, विनवणे. त्याचंच अनेकवचन 'माओंबी' म्हणजे प्रार्थनासुद्धा. ही माहिती मला तेव्हा नव्हती, ती पुढे त्या खोकणाऱ्या सहकाऱ्याने दिली.

तो मोंबासाचा. पुण्याच्या माणसाला मुंबईची मराठी ऐकून जे होतं तेच मोंबासाच्या माणसाला नैरोबीची स्वाहिली ऐकून होतं, माझी ऐकून तर त्याला खोकलाच झाला. म्हातारीच्या प्रकरणानंतर मी त्याला म्हटलं, मला शिकव. तेव्हापासून दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, व्यायामाच्या चेंडूंवर बसून, माझी शाळा. तो मला 'दादा' म्हणतो. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण आणि काका म्हणजे भाऊ. मामा म्हणजे आई. बाबा मात्र बाबाच. पहिल्या दिवशी हे सांगून तो म्हणाला की तुमच्याकडचं कुटुंब कुठेतरी समुद्रात उलटंपालटं झालेलं दिसतं.

मी त्याला मोठ्या अभिमानाने आपल्या बाजूने गेलेले शब्द ऐकवले. गारी, आपली गाडी. गुनिया, गोणी. पेसा. लाकी, म्हणजे लाख. बिमा. हुंडी. चपाती. इंग्रजांच्या राज्यात १९२० पर्यंत इथे रुपयाच चालायचा. आणि २००७मध्ये निघालेल्या एम-पेसाने सबंध देशाचा व्यवहार मोबाइलवर आणला, त्यातला पेसाही आपलाच पैसा. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "दादा, हे सगळे दुकानातले शब्द आहेत." मी घरी येऊन नात्याचा एखादा शब्द सापडतो का ते बघितलं. मला सापडला नाही.

दुसऱ्या गुरुवारी त्याने सांगितलं, लहानपणापासून येत असलेली दहा वाक्यं लिही. मी लिहिली. त्याने पहिल्याच वाक्यावर पेन टेकवलं. लेता चाय. "लेता नाही, लेते. या क्रियापदाचा आज्ञार्थ अनियमित आहे. नैरोबीत सगळे लेता म्हणतात, चालतं, पण व्याकरणात लेते." म्हणजे तीन पिढ्या आम्ही फक्त हुकूम देत आलो आणि तो हुकूमही चुकीचा होता! मला खरोखर हसू आलं. मग त्याने दहाही वाक्यं वाचली आणि फळ्याकडे जाता जाता विचारलं, "यातलं एखादं तुम्ही स्वतःच्या आईला म्हणाल?"

फळ्यावर त्याने एक शब्द लिहिला. नाओंबा. मी विनंती करते. त्याच्यापुढे क्रियापद येतं ते शेवटचा 'आ' टाकून 'ए' घेऊन. लेता असेल तर उलेते, फुंगा असेल तर उफुंगे, इनुआ असेल तर उइनुए. तू आणावंस, तू लावावंस, तू उचलावंस. आपला विध्यर्थ! आण, आणावे. त्यांचाही शेवट ए, आपलाही ए. आजीने पाठ करून घेतलेला तो रकाना एवढी वर्षं रिकामा पडला होता आणि तो भरायला इतकी साधी किल्ली होती. नाओंबा उइनुए म्गू, शोशो. पाय उचलावा अशी विनंती आहे, आजी.

पण मी फळ्याकडे बघत राहिले होते ते वेगळ्या कारणाने. हा शब्द मी ऐकलेला होता. शिकले नव्हते, वापरला नव्हता, पण ऐकलेला होता, आणि कोणाच्या तोंडून ते मला चेंडूवर बसल्याबसल्या आठवलं.

१ ऑगस्ट १९८२, रविवार. हवाई दलातल्या काही सैनिकांनी पहाटे बंड केलं आणि रेडिओ स्टेशन ताब्यात घेतलं. संध्याकाळपर्यंत लष्कराने ते मोडलं, पण मधल्या तासांत शहर लुटलं जात होतं. आशियाईंची दुकानं, नगाऱ्यातली, पार्कलँड्समधली घरं. मी सहा वर्षांची. मला आठवतं ते तुकड्यांत. बाबांनी फाटकाला लावलेली दोन कुलपं. आईने दागिने तांदळाच्या डब्यात खुपसले, मग बाहेर काढून पिठाच्या डब्यात. लांबून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज.

आणि स्वयंपाकघराच्या दारात आया. रविवार तिच्या सुट्टीचा. तिची मुलं माथारेच्या झोपडपट्टीत तिच्या बहिणीकडे असायची, दर रविवारी ती त्यांच्याकडे जायची. म्हणून तिने ठेवणीतला फुलाफुलांचा झगा घातला होता, हातात कियोंडो. आमच्याशी मराठीत बोलणारी आया त्या दिवशी बाबांशी स्वाहिलीत बोलली. नाओंबा निएंदे, ब्वाना. मी जावं अशी विनंती आहे, साहेब. मोठ्याने नाही, आर्जवानेही नाही, नुसतं स्वच्छ. तीनदा. मला 'ब्वाना' कळत होतं, बाकीचं नाही, कारण ते आमच्या पन्नाससाठ शब्दांत नव्हतं. बाबा म्हणाले, "काआ हापा!" हे मला कळलं. इथे बस. तो आज्ञार्थ होता.

ती बसली. तिथेच उंबऱ्यावर, त्या झग्यात, कियोंडो मांडीवर. मग संचारबंदी लागली. तिसऱ्या दिवशी ती गेली आणि संध्याकाळी परत आली, आणि त्या रात्री नेहमीसारख्या पोळ्या झाल्या. तिची मुलं कशी होती हे कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. विचारलं असेल. मी सहा वर्षांची होते.

तिला शोधायचं मी ठरवलं, पण शोधायला काय लागतं? आईच्या हिशेबाच्या वह्या बाबांनी जपून ठेवल्या आहेत, लाल कापडी पाठीच्या, १९७४ पासूनच्या. मी पंधरा वर्षांचे महिने चाळले. दूध. मोगो. रॉकेल. शाळेची फी. इस्त्री. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आईच्या नीटस अक्षरात 'बाई', पुढे आकडा. कधी 'बाई, उचल'. एकदा 'बाई, चष्मा'. पंधरा वर्षांत नाव एकदाही नाही. मचाकोसकडची, त्या एका बायबली नावाची, आज असली तर ऐंशी ओलांडलेली बाई. तिकडच्या कुठल्याही चर्चमध्ये रविवारी उभं राहून हाक मारली तर डझनभर म्हाताऱ्या वळून बघतील.

शनिवारी मी सिटी पार्कच्या भाजीबाजारात जाते. तिथली एक विक्रेती मला लांबूनच ओरडते, "बेन! दूधी, तुरिया, गवार! सरस छे!" तिच्याशी मी नेटाने स्वाहिलीत बोलते. नाओंबा उनिपुंगुझिए, जरा कमी कर. ती गुजरातीत सांगते की नहीं पोसाय, परवडत नाही. मी पुन्हा स्वाहिलीत, ती पुन्हा गुजरातीत. दोघीही हटत नाही. शेवटी मी फोन काढून पैसे पाठवते, तिचा फोन टुणकन वाजतो आणि ती दोन हिरव्या मिरच्या वर टाकते. एकदा मी विचारलं, गुजराती कुठे शिकलीस? नगाऱ्यात, म्हणाली, अकरा वर्षं एका घरी होते.

मी पुढे काही विचारलं नाही.

म्हातारीचा गुडघा आता बरा आहे. काठी सुटली. अजून मी चुकते. मागच्या महिन्यात एका पेशंटला 'सा न्ने'ला बोलावलं आणि दुपारी चारला वाट बघत बसले. इथले तास सूर्योदयापासून मोजतात, सा न्ने म्हणजे सकाळचे दहा. तो दहाला येऊन, तासभर बसून, गेला होता. नैरोबीत जन्मलेल्या बाईने ही चूक करावी! बाबांना सांगितलं तर ते दोन दिवस हसत होते.

बाबांकडे आता दिवसभर एक मुलगा असतो, त्यांना उठवायला-बसवायला. चहा आमच्याच कपात घेतो. बाबांची स्वाहिली आहे तशीच आहे. लेता, वेका, न्गोजा. मी एकदोनदा सुचवून पाहिलं. "अगं, त्याला चालतं," असं म्हणाले. त्या मुलाला विचारलं तर तो हसला. म्झे आहेत, म्हणाला.

परवा संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो. खालचा जॅकरांडा फुललेला, गाड्यांच्या टपांवर जांभळा सडा. मी १९८२चा विषय काढला. आयाचं नाओंबा निएंदे मी म्हणून दाखवलं, त्यांचं काआ हापाही. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग जरा चिडूनच म्हणाले, "मग काय करायला हवं होतं मी? बाहेर गोळ्या चालल्या होत्या. जाऊ दिलं असतं आणि काही झालं असतं म्हणजे?"

ते खरं होतं. मी तसं म्हटलंही.

आत कप वाजले. मुलाने चहा आणून ठेवला, बाबांचा कप त्यांच्या हातात नीट धरवला आणि तो आत गेला. बाबांनी कप ओठाला लावला आणि तसाच खाली घेतला.

"तिची मुलं किती होती गं?"

मी म्हटलं, तीन.

"दोन," बाबा म्हणाले. मग थांबून, "का तीन?"